भाषाविज्ञानाचा प्राध्यापक दिवसभर करतो तरी काय?

रेघोट्या

भाचीने बीए झाल्यावर भाषाविज्ञानात एमए करायचं ठरवलंय. तेव्हापासून घरात एकच प्रश्न फिरतोय: "म्हणजे ती कुठली भाषा शिकणार?" ताईला वाटतं संस्कृत, भाऊजींना वाटतं जर्मन, आणि आमच्या आईची समजूत आहे की पोरगी शुद्धलेखन तपासायची नोकरी करणार.

परवा तिने मोबाइलवर एका प्राध्यापकांची माहिती दाखवली. पुढे त्यांच्या हाताखाली पीएचडी करायची तिची इच्छा आहे. शिक्षण, कुठे कुठे शिकवलं, आणि मग 'संशोधनाचे विषय: स्वनविचार, बोलीभूगोल, भाषासंपर्क, अल्पसंख्य भाषांचे दस्तावेजीकरण'. खाली शोधनिबंधांची ही लांबलचक यादी. मी बँकेत तीस वर्षं काढली. ताळेबंद बघून धंदा कसा चाललाय ते सांगू शकतो. हा कागद मात्र तीनदा वाचला तरी काही पत्ता लागेना.

तर जाणकारांना दोन प्रश्न. हा माणूस सकाळी डबा घेऊन निघतो तो दिवसभर काय करतो? आणि हे चार विषय एकाच माणसाचे कसे? आमच्याकडे कर्जवाला कर्जातच निवृत्त व्हायचा.

सुपारी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दिवसभर लोकांना सांगत बसतो की "नाही हो, मला फार भाषा येत नाहीत."

(हलकं घ्या. माझा मावसभाऊ याच विषयात आहे. लग्नात त्याची ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारतो, "किती भाषा येतात?" तो "अडीच" म्हणतो आणि जेवणाच्या रांगेकडे सटकतो.)

तिसरा_मजला

मी पुण्यात या विषयात एमए केलं, पुढे शिकवायला न जाता आवाज ओळखणाऱ्या संगणकांच्या धंद्यात शिरलो. त्यामुळे आतलाही आहे आणि बाहेरचाही.

रेघोट्याकाका, कागदावर 'जग' असं लिहा आणि मोठ्याने वाचा. काय वाचलंत? 'हे जग मोठं आहे' मधलं जग, की 'शंभर वर्षं जग' मधलं? दोन्हींतला 'ज' वेगळा आहे. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांमागे. आपण तो फरक जन्मभर बिनचूक करतो आणि लिहिताना दोन्हीला एकच अक्षर वापरतो. 'चार' आकडा आणि जनावरांचा 'चारा' तसेच. आता 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा. झ बदलला ना? पुढे ई आली की तो टाळूकडे सरकतो. 'घरचा' आणि 'घरची' यांतला चसुद्धा. हे कुठल्या बाईंनी शिकवलं आपल्याला? कुणीच नाही.

हे सगळं कुठल्या नियमाने होतं, कुठे तो नियम मोडतो, मोडतो तो का, हा झाला 'स्वनविचार'. तोच नियम सिंधुदुर्गात कसा, चंद्रपुरात कसा, हे नकाशावर मांडलं की 'बोलीभूगोल'. नकाशाच्या कडेला गेलं की तिथला माणूस घरात कानडी किंवा गोंडी बोलत असतो, आणि त्याच्या मराठीत तिकडचं काहीतरी उतरलेलं असतं. तो 'भाषासंपर्क'. आणि त्या घरातली भाषा पुढच्या पिढीत राहील की नाही अशी धास्ती वाटली की तो माणूस ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन तिथेच मुक्काम ठोकतो. ते 'दस्तावेजीकरण'. कागदावर चार विषय दिसतात, पण तो एकाच रस्त्याने पुढे पुढे चालत गेलेला माणूस असतो.

दिवसभराचं विचाराल तर निम्मा वेळ शिकवणं, पेपर तपासणं, समितीच्या बैठका. उरलेल्यातला बराचसा कानाला हेडफोन लावून अर्ध्या मिनिटाचं मुद्रण चाळीस वेळा ऐकण्यात जातो. अतिशयोक्ती नाही. मी ते केलंय आणि त्याच कारणाने बाहेर पडलोय.

मोरपंखी

तिसरा_मजला, प्रतिसाद आवडला. मी 'जग जग' करत बसले आणि नवरा विचारतोय बरी आहेस ना.

कारकीर्द कशी असते याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे अशोक केळकर (१९२९–२०१४). मूळ शिक्षण इंग्रजी साहित्याचं. मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९५८ मध्ये पीएचडी मिळवली. विषय काय? मराठीची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था, म्हणजे शब्दांची रूपं कशी घडतात ते! पुण्याचा माणूस मराठीवर प्रबंध लिहायला अमेरिकेत गेला याची तेव्हा थट्टा झालीच असणार. परत आल्यावर काही वर्षं आग्र्याला आणि मग १९६२ पासून डेक्कन कॉलेजात. आग्र्याची वर्षं फुकट गेली नाहीत, १९६८ मध्ये हिंदी-उर्दूवरचं पुस्तक आलं. त्यात दोन्ही मिळून एकच भाषा धरून त्यांनी तिला 'हिर्दू' असं नावही देऊन टाकलं.

पुढचा प्रवास बघा. भाषेचा अर्थकारणाशी संबंध लावणारं 'मराठी भाषेचा आर्थिक संसार' १९७७ चं. मग 'वैखरी', 'मध्यमा'. 'भाषा आणि जीवन' हे मराठी अभ्यास परिषदेचं त्रैमासिक १९८३ मध्ये सुरू झालं, त्याचे ते पहिले संपादक. २००२ मध्ये पद्मश्री. आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार २०१० मध्ये मिळाला तो 'रुजुवात'ला, म्हणजे भाषाविज्ञानाच्या नव्हे तर साहित्य-कलाविचाराच्या पुस्तकाला. च आणि झ पासून निघालेला माणूस कवितेपर्यंत पोचला.

कबूल करते की 'वैखरी' मी दोनदा अर्ध्यावर सोडलंय. प्रत्येक संज्ञा ते स्वतः घडवणार आणि आपण ती लक्षात ठेवून पुढच्या पानावर जायचं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले तेव्हा जमलं.

चष्मिष्ट

सगळं ठीक आहे. पण करदात्याच्या पैशातून 'झ कुठे लागतो' हे शोधून समाजाला काय मिळतं? टीव्हीवर 'पानी', 'आनि' ऐकून कान किटले. हे प्राध्यापक लोक ते का सुधारत नाहीत? उलट त्यांना विचारलं तर म्हणतात "दोन्ही बरोबर." डॉक्टरने रोग्याला "ताप पण बरोबर" म्हणण्यासारखं आहे हे.

तिसरा_मजला

चष्मिष्ट, ताप हा रोग आहे. 'पानी' हा रोग नाही, दुसऱ्या घरात वाढल्याची खूण आहे. संस्कृतात ते 'पानीय' होतं, 'न' सकट. 'ण' मध्येच प्राकृताने आणला. मग अशुद्ध नक्की कोण?

'दोन्ही बरोबर' याचा अर्थ दोन्ही बोलींना आपापला नियम आहे. नोकरीच्या मुलाखतीत कुठली बोलावी हा प्रश्न वेगळा, आणि तो 'ण' म्हणणाऱ्याच्या हातात मुलाखतीची खुर्ची असते म्हणून निर्माण होतो.

उपयोगाचं म्हणाल तर मी त्यावरच पोट भरतो. आमच्या यंत्राला आधी फक्त बातम्या वाचणाऱ्यांचं मराठी ऐकवलं होतं. शेतकऱ्याने फोनवर प्रश्न विचारला की ते यंत्र गप्प.

गावाकडची

मी यातली तज्ज्ञ नाही, पण आमच्या घरी असे विद्यार्थी येऊन गेलेत. तीन वर्षं झाली असतील. दोन मुली आणि एक मुलगा. आजीला लॅपटॉपवर छोट्या छोट्या चित्रफिती दाखवायचे आणि विचारायचे, "आजी, काय झालं यात?" एका फितीत माणूस केळं सोलून खातो. आजी ताठ बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्या गृहस्थाने केळे सोलून खाल्ले." आम्ही सगळे बघतच राहिलो. ही बाई जन्मात असं बोलली नव्हती. आकाशवाणीवरच्या बातम्या पन्नास वर्षं ऐकल्याचा परिणाम.

अर्धा तास तेच. ती मुलगी लिहून घेत होती, पण तोंड पडलं होतं बिचारीचं. तेवढ्यात शेजारची शेळी आत आली आणि वाळत घातलेल्या ज्वारीत तोंड घातलं. आजी लॅपटॉप ओलांडून धावली, "अगं बया, म्या आत्ता कुठं वाळत घातली व्हती, आन् ही मेली त्वांड घालतीया!"

ती मुलगी शेळी हाकलायच्या ऐवजी यंत्राचा लाल दिवा चालू आहे का ते बघत होती. नंतर माझ्या आईला म्हणाली, "काकू, आजचं सगळं काम त्या एका वाक्यात झालं." आईला वाटलं चेष्टा करतेय.

सुपारी

त्या शेळीचं नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आलं पाहिजे.

तिसरा_मजला

गावाकडची, ती मुलगी चेष्टा करत नव्हती. 'म्या' तिला हवं असणार. आपण शहरी लोक 'त्याने घातली', 'तिने घातली' म्हणतो, पण 'मी घातली', 'तू घातलीस'. 'ने' फक्त तिसऱ्या माणसाला लागतो, मी-तू कोरडेच. जुन्या मराठीत तसं नव्हतं, ज्ञानेश्वरीत 'म्यां' सर्रास येतं. म्हणजे आजीचं 'म्या' ही चूक नाही, प्रमाण मराठीने जे टाकून दिलं ते आजीने जपलंय. उलट दक्षिणेकडे सरकलात की 'मी काम केलो' ऐकू येतं. तिथे क्रियापद कामाकडे न बघता करणाऱ्याकडे बघतं. या तिन्ही रूपांची गावोगावची नोंद झाली की मराठीचा अंतर्गत नकाशा दिसायला लागतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींचं असं ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केलंय. ते चित्रफितींचं तंत्र तिकडे वापरलं जातं.

आणि आजी ताठ बसली या गोष्टीला आमच्याकडे नाव आहे, 'निरीक्षकाचा विरोधाभास'. लोक कुणी बघत नसताना कसे बोलतात ते हवं असतं, आणि ते मिळवायला बघावं तर लागतंच. विल्यम लबाव या अमेरिकन प्राध्यापकाने हे नेमकं मांडलं. तो माणसांना विचारायचा, "तुम्ही कधी मरता मरता वाचलात का?" ती गोष्ट सांगताना माणूस शुद्ध बोलायचं विसरतो. तुमच्याकडे ते काम शेळीने केलं.

अवांतर: लबाव आधी शाई बनवणाऱ्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. भाषाविज्ञानात पस्तिशीला आला. भाचीला सांगा, उशीर वगैरे काही नसतं.

कृष्णाकाठ

रसायनावरून आठवलं. आमच्या कुपवाडचं नाव जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत आहे आणि गावात बहुतेकांना ते माहीत नाही. इंग्रजीत 'कुपवार' असं छापल्यामुळे परदेशातल्यांना ते काश्मिरात वाटतं ते वेगळंच. सांगली-मिरजेला खेटून आहे, आता तिन्हींची एक महापालिका आहे.

जॉन गंपर्झ (१९२२–२०१३) हा प्राध्यापक. जन्म जर्मनीत, नाझींमुळे देश सोडावा लागला, अमेरिकेत रसायनशास्त्राची पदवी, मग भाषांकडे वळला. पीएचडी कशावर? मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर. मग उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात. मग कुपवाड. रॉबर्ट विल्सनबरोबरचा त्याचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात काय आहे? गावात जैन आणि लिंगायत घरात कानडी, मुसलमान उर्दू, बाकी मराठी, थोडी तेलुगू. शेकडो वर्षं शेजार, पण घरातली भाषा कुणी सोडलेली नाही. बाहेरचा माणूस म्हणेल, चार भाषा. गंपर्झचं म्हणणं असं की शब्द चार भाषांचे, वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच. एका भाषेतलं वाक्य घ्यायचं, शब्द जागच्या जागी बदलायचे, दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. त्याचं गाजलेलं उदाहरण 'तिथं नदी आलं'. आलं! आली नाही. कारण कानडीत माणूस सोडून बाकी सगळं नपुंसक, आणि इथल्या मराठीने तो हिशोब उचलला. इथल्या उर्दूतही नदी 'आया'. दिल्लीचा उर्दूवाला ऐकून चक्कर येऊन पडेल. आणि उर्दूने आपल्याकडून काय घेतलं? 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद. हिंदीवाल्यांना सगळीकडे 'हम'च पुरतं. आपण मात्र "आम्ही जेवलो" म्हणालो की समोरचा समजतो, त्याला बोलावलेलं नव्हतं.

माझे आजोबा 'नदी आलं' म्हणायचे. शाळेत माझ्या वडिलांनी त्यावर छडी खाल्ली आहे. निबंध मी मिळवून वाचला तेव्हा हसू आलं आणि जरा रागही. छडीचं व्याकरण निघालं होतं एवढं.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात पुन्हा काम केलं आणि ते 'शब्द बदला, वाक्य तयार' प्रकरण इतकं सरळ नाही असं दाखवलं. म्हणजे एका प्राध्यापकाने गावावर नाव कमावलं, दुसऱ्याने त्याचा हिशोब तपासला. रेघोट्याकाकांना हे ऑडिटसारखं वाटेल.

रेघोट्या

वाटलंच. फक्त आमच्याकडे ऑडिटर पंचेचाळीस वर्षांनी येत नाही.

आणि हो, तुमचा गंपर्झ माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मिशिगनचे शेतकरी, उत्तर प्रदेशातलं खेडं, कुपवाड. कागदावर तीन ठिकाणांचा गोंधळ, आणि बघायला गेलं तर माणूस एकच गोष्ट विचारत फिरतोय: शेजाऱ्याशी बोलता बोलता भाषेचं काय होतं.

मोरपंखी

गंपर्झचा तो निबंध १९७१ च्या ज्या संग्रहात आला, त्यातच मराठीवर आणखी एक लेख आहे, फ्रँकलिन साउथवर्थ यांचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांचा मुद्दा असा की मराठीच्या जन्माच्या वेळी इथे द्रविड भाषा बोलणारे खूप लोक असावेत, आणि त्यांनी आर्य भाषा उचलताना एखाद्या संमिश्र, काटछाट केलेल्या भाषेचा टप्पा येऊन गेला असावा. वर आलेला आम्ही-आपणचा भेद हा त्यातला एक पुरावा.

चष्मिष्ट

आलं का पुन्हा! म्हणजे मराठी ही मोडकीतोडकी बाजारी भाषा? आत्ता २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि हे म्हणे काटछाट! परदेशी प्राध्यापकांना आपलं कमी दाखवण्यातच रस.

मोरपंखी

चष्मिष्ट, मी 'असावा' असं म्हटलं, लेखातही ते गृहीतक म्हणूनच आहे. सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेलं नाही, आणि न मान्य करणाऱ्यांची कारणंही भक्कम आहेत. पण यात कमीपणा कुठला? इंग्रजीत फ्रेंच कालवली गेली म्हणून कोणी तिला बाजारी म्हणत नाही.

आणि परदेशी म्हणाल तर मराठीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास लिहिला तो झ्यूल ब्लॉक या फ्रेंच प्राध्यापकाने, १९२० मध्ये, फ्रेंचमध्ये. वा. गो. परांजप्यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. 'ध्वनिविचार'वाले ना. गो. कालेलकर पॅरिसमध्येच शिकून आले. त्यांच्या 'भाषा: इतिहास आणि भूगोल'ला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक भाचीच्या हातात पहिलं द्या. केळकर नंतर.

साउथवर्थ यांचं पुढे काय झालं तेही गमतीचं आहे. भाषेतून प्राचीन इतिहास खणायचा त्यांना नाद लागला. २००५ मध्ये त्यांचं दक्षिण आशियाच्या 'भाषिक पुरातत्त्वा'वरचं पुस्तक आलं. महाराष्ट्रातल्या गावांच्या नावांचे शेवट त्यांनी गोळा केले. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली यांतलं 'वली' बघा आणि तमिळ-तेलुगूतलं गाव या अर्थाचं 'पळ्ळी', 'पल्ली' आठवा. रोज लोकलमध्ये उद्घोषणा ऐकतो आपण.

सुपारी

डोंबिवलीकर आहे. आता तमिळनाडूत रेशनकार्ड मागू का?

पळसफूल

धागा उशिरा पाहिला. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गातली अर्धी मुलं घरात कोलामी बोलतात. तिला लोक मराठीची बोली समजतात, पण ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली द्रविड भाषा आहे. मराठीशी नातं फक्त शेजाराचं.

तिच्यावरचं पहिलं मोठं व्याकरण लिहिलं मरे एमेनो यांनी, १९५५ मध्ये. त्यांची कारकीर्द मी मुद्दाम शोधून वाचली, कारण मला कळेना की कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात जन्मलेला माणूस कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, आला कसा. तर येल विद्यापीठात पीएचडी संस्कृतवर, वेताळपंचविशीच्या एका पाठावर. वेताळाच्या त्याच गोष्टी, विक्रमाच्या खांद्यावरच्या. तिथे एडवर्ड सपीर नावाचे गुरू भेटले. सपीर यांचा आग्रह असा की अलिखित भाषा ऐकायची तर बोलणाऱ्याच्या समोर बसायचं. एमेनो १९३५ ते १९३८ भारतात राहिले. निलगिरीत तोडा आणि कोटा या भाषा, मग कोडगू, आणि इकडे वर्ध्याकडची कोलामी.

परत गेल्यावर बर्कलीला आधी संस्कृतचे प्राध्यापक. तिथला भाषाविज्ञान विभाग १९५३ मध्ये त्यांनी उभा केला. १९५६ चा त्यांचा लेख फार गाजला, 'भारत हे एक भाषाक्षेत्र' असं त्याचं म्हणणं. म्हणजे कुळं वेगळी असली तरी शेजारी राहून भारतातल्या भाषा एकमेकींसारख्या झाल्या. वरचं कुपवाड म्हणजे त्याच गोष्टीचं एका गावातलं रूप म्हणा ना. मग टॉमस बरो यांच्याबरोबर द्रविड भाषांचा व्युत्पत्तिकोश, १९६१. दुसरी आवृत्ती १९८४ ला, तेव्हा एमेनो ऐंशीचे. २००५ मध्ये वारले, वय १०१. तीन वर्षांच्या टिपणवह्यांवर माणूस पुढची साठेक वर्षं काम करत होता.

पण एक गोष्ट मला खुपते. या सगळ्यात कोलामांना काय मिळालं? ते व्याकरण इंग्रजीत. माझ्या शाळेत ते नाही, आणि असतं तरी मला त्यातून पहिलीचा वर्ग घेता आला नसता. मी दोनशे शब्दांची वही स्वतः केली. मुलांनाच विचारून. भाचीने या विषयात जरूर जावं. फक्त कुणाच्या ओसरीवर बसून वही भरली की त्या ओसरीवर परत काय न्यायचं, हे पहिल्या दिवशी ठरवून जावं.

तिसरा_मजला

पळसफूल सर, हे आम्हाला वर्गात कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. आता थोडं बदललंय. संशोधनाची परवानगी मागताना 'समाजाला परत काय देणार' हा रकाना असतो. तो भरतात कसा, ते वेगळं.

त्या वहीचे फोटो टाकाल का? शब्द लिहून घेताना तुम्ही देवनागरीत कुठे अडलात ते बघायचंय.

पळसफूल

टाकतो. आखूड आणि लांब 'ए' मध्ये अडलो. 'ओ'चंही तेच. मराठीत तो भेद नाही, त्यामुळे मला आधी ऐकूच येत नव्हता. तिसरीतली एक मुलगी तीन दिवस माझी चूक दुरुस्त करत होती. शेवटी तिने हात टेकले.

चष्मिष्ट

सर, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसावं लागतंय. तरी 'आनि'वरचं माझं मत कायम आहे.

मोरपंखी

:) कायम ठेवा. अजून एक कारकीर्द सांगून मी थांबते. अ. मा. घाटगे. आयुष्य प्राकृत आणि जैन ग्रंथांत गेलेलं, म्हणजे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्या. आणि त्याच माणसाने साठ-सत्तरच्या दशकांत मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं केली. कुडाळी, महाडच्या कुणब्यांची बोली, कासरगोडची मराठी. कासरगोड केरळात आहे!

मग डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचे ते प्रमुख संपादक. तो प्रकल्प सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केला. दीडेक हजार ग्रंथ चाळून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि इतके खंड होऊनही गाडी अजून 'अ'मध्येच आहे. त्या चिठ्ठ्यांची लोखंडी कपाटं मी एकदा पाहिली आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, ग्रंथ, ओळ, आणि कोपऱ्यात बारीक अक्षर. कितीतरी जणांची अख्खी नोकरी त्या कपाटांत गेली असेल आणि त्यांचं नाव कुठल्याच 'संशोधनाचे विषय'मध्ये येत नाही.

गावाकडची

बादवे, या सगळ्यात नोकरीचं कुणी बोललंच नाही. काकांना खरं तेच विचारायचं असणार.

तिसरा_मजला

खरंय. थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार गोड नाही. एमएनंतर नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, द्यायची, भाषाविज्ञान हा तिथे स्वतंत्र विषय आहे. मग पीएचडी. महाराष्ट्रात या विषयाचे विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे कायम प्राध्यापकाची जागा निघायची वाट बघण्यात तरुणपण जातं. बाहेर हैदराबाद, दिल्ली, म्हैसूरची भारतीय भाषा संस्था असे पर्याय आहेत. प्रकल्पांवरच्या नोकऱ्या मिळतात, पण त्या प्रकल्पाबरोबर संपतात. आमच्या धंद्यात मात्र मराठी जाणणारे आणि स्वनिम (शब्दाच्या अर्थात फरक पाडणारा ध्वनी) म्हणजे काय ते कळणारे लोक शोधूनही सापडत नाहीत. भाचीला थोडं प्रोग्रॅमिंग शिकायला सांगा, आणि संख्याशास्त्राचा कंटाळा करू नको म्हणावं.

ते प्राध्यापक निवडताना त्यांच्या विषयांची यादी वाचू नका. त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी सध्या काय करताहेत ते बघा, आणि जमलं तर त्यातल्या एकाला फोन करा.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. फोन केला होता. विद्यार्थिनी मोकळी बोलली. सर चांगले आहेत, प्रबंधाचं प्रकरण परत यायला तीन महिने लागतात, शेतावर सोबत येतात. मी विचारलं, "शेतावर?" तर म्हणे क्षेत्रीय कामाला ते असंच म्हणतात.

काल रात्री जेवताना भाचीला या धाग्यातलं वाचून दाखवलं. तिने लगेच कागदावर 'जग' लिहिलं आणि आजीपुढे, म्हणजे माझ्या आईपुढे, धरलं. "आजी, वाच." आईने चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, "पुढचं लिही की. नुसतं एवढ्यावरून मी कसं सांगू कुठलं आहे ते?"

भाची तिच्याकडे बघतच राहिली. मग उठून मोबाइल आणला आणि मुद्रण चालू करून ताटाशेजारी ठेवला. आईने तो पाहिला आणि पदर सारखा केला.